गावपळणीतलं विमान

गुरुप्रसाद चिंदरकर आजवर विमानात बसलेला नाही आणि बसायची त्याला हौसही नाही. मुंबईहून येणाऱ्या मेव्हण्याला आणायला तो एकदा चिपीच्या विमानतळावर गेला होता. बाकीचे लोक आपापली माणसं शोधत होते आणि हा कुंपणाला नाक लावून विमानाची चाकं बघत होता. ती जमिनीला कशी टेकली, हे परतीच्या वाटेवर तो मेव्हण्याला इतकं समजावून सांगत राहिला की मेव्हणा मालवणच्या अलीकडेच झोपला.

आचऱ्याच्या बाजारात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, मिक्सर, पंखे, काजूच्या बागेतलं गवत कापायची यंत्रं, असं सगळं त्याच्याकडे दुरुस्तीला येतं. माणूस सरळ आणि कमी बोलणारा. त्याच्याविषयी वाईट बोलायला गावात कोणाला काही सापडत नाही, म्हणून लोक त्याच्या विमानांविषयी बोलतात.

विमानं तो आपल्या गावी, कारिवण्याला, घराला लागून असलेल्या मांगरात बांधतो. मांगर म्हणजे एके काळी गुरं आणि नांगर ठेवायची कौलारू पडवी. गुरं गेली, नांगर मोडले आणि त्या जागेत विमानं आली. ही खेळण्यातली नव्हेत. पंख पसरले की मांगराच्या दोन्ही भिंतींना हात लावतील एवढी मोठी, आणि रिमोटवर उडणारी. शहरातले हौशी लोक यासाठी परदेशी हलकं लाकूड मागवतात, हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. त्याने पांगारा घेतला. पांगाऱ्याला चुलीतसुद्धा कोणी विचारत नाही, पण त्याची फळी हातात घेतली तर काही घेतल्यासारखं वाटत नाही. पंखाच्या फासळ्या पांगाऱ्याच्या, कणा चिव्याच्या बांबूचा, आणि त्यावर ताणून चिकटवलेलं कापड छत्र्यांचं. पाऊस सरला की आमच्याकडे घरटी एखादी तरी छत्री मोडतेच. कारिवण्यात ती उकिरड्यावर न जाता गुरुप्रसादच्या ओटीवर येऊन पडायची. त्यामुळे पंख बहुतेक काळे, मध्येच कोणाच्या तरी मुलीच्या छत्रीवरची गुलाबी फुलं. छत्रीच्या काड्यांच्या त्याने शेपटी हलवणाऱ्या सळया केल्या. चाकं मासेमारीच्या जाळ्याला बांधतात त्या फोमच्या गोळ्यांची, इंजिन भंगारात निघालेल्या गवतकापणीच्या यंत्राचं. रिमोट आणि त्याच्या छोट्या मोटरी तेवढ्या विकतच्या.

विमानं उडत. छान उडत. गोची होती ती उतरण्यात. एक काजूत शिरलं, एक खाडीत गेलं, एकाने बाबलीकाकांच्या गवताच्या उडवीत डोकं खुपसलं आणि ते काढताना अर्धी उडवी सांडली. गाव एकच शब्द वापरायचं: पडला. 'गुरूचा इमान पडला काय रे?' हे कारिवण्यात 'जेवलास काय?' सारखं विचारलं जाऊ लागलं. गुरुप्रसाद हसून मान हलवी आणि तुकडे गोळा करून मांगरात आणी. पण तो शब्द त्याला लागायचा, फार लागायचा. आपल्या हातून एक विमान, निदान एक, पाखरासारखं जमिनीवर येऊन उभं राहावं, याखेरीज त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

त्याच्या बायकोला, कावेरीला, मात्र हवं होतं. तिच्या हातचं माशांचं तिखलं आणि सोलकढी खाल्लेला माणूस पुन्हा येतो. मालवणहून देवगडकडे जाणारे पर्यटक विचारत विचारत तिच्या अंगणात येऊन जेवू लागले होते. पाऊस आला की त्यांची ताटं उचलून ओटीवर पळावं लागे. तिला नीट खानावळ काढायची होती, आणि जागा डोळ्यांसमोर होती, नुसती पांगाऱ्याच्या भुशाने भरलेली.

यंदा गणपती गेल्यावर तिने विषय एकदाचा काढला. "ह्या एक उडवा," नव्या विमानाकडे बोट दाखवून ती म्हणाली. "ह्या उतरताना मोडला तर मांगर माझो. मगे माका काय्येक सांगूचा नाय."

"आणि नाय मोडला तर?"

"तर मांगर तुमचो. परत तोंडातसून काढूचंय नाय."

गुरुप्रसादने कबूल केलं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

त्याच वर्षी गावपळण आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, आमच्या बाजूच्या काही गावांत ठरावीक वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि अख्खं गाव आपली हद्द सोडून बाहेर राहायला जातं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या टोपलीत घालून नेतात, मांजरंसुद्धा. तीन दिवस गावात जितं असं काही ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी देवाचा कौल घेतात, आणि त्याने होकार दिला की परत. तोवर हद्दीच्या बाहेर झावळ्यांच्या झोपड्या, सामायिक चुली, भजनं, फुगड्या. भीती वगैरे कोणाला वाटत नाही. उलट मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात.

वस्तू मात्र कोणी नेत नाही. घरं उघडी टाकून लोक जातात, देव राखतो. त्यामुळे गुरुप्रसादने टेम्पोत विमान चढवलं तेव्हा शेजारच्या भाईला राहवलं नाही. भाई हा तोंड मिटून बसणारा माणूस नव्हे.

"काय रे गुरू, ह्या जिता काय? कोंबडी व्हरतस तसा व्हरतस तां?"

"पलीकडे कुणगे सपाट आसत," गुरुप्रसाद म्हणाला. "दुकान बंद, हात मोकळे. उडवून बघतलंय."

खरं कारण तेच होतं. कारिवण्याची शेतं उतारावरची, पायऱ्या-पायऱ्यांची. हद्दीच्या व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, जिथे झोपड्या पडणार होत्या, तिथे शेजारच्या गावाचे भात कापून झालेले लांबच लांब कुणगे, शेताचे सपाट तुकडे, होते. विमान धावायला त्याहून बरी जागा मिळणार नव्हती.

पण गावपळणीत विमान उडवायचं की नाही, यावर झोपड्यांत चांगला वाद रंगला. कावळे गावात ये-जा करतात त्याचं काय? वारा जातो त्याचं काय? शेवटी प्रकरण बाबलीकाकांकडे गेलं. बाबलीकाका म्हणजे गावचे घाडी, देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारे. त्यांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावलं.

"इमान वस्तू," ते म्हणाले. "वस्तूक बंदी नाय. पण चलवता कोण? तू. जयसर तुझो हात चलता, थयसर तू गेलस. म्हणान अल्याड काय होया ता कर, व्हाळ ओलांडू नको."

"आणि वाऱ्यान नेल्यान तर?" भाईने विचारलं.

"तर ता ढोरासारख्या. दावा तोडून गेला, धन्याक दोष नाय."

न्याय सगळ्यांना पटला. गुरुप्रसादलाही पटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढल्यावर त्याने विमान कुणग्यात आणलं. स्वतः व्हाळाच्या काठच्या उंच मेरेवर, बांधावर, उभा राहिला, म्हणजे चहूकडचं दिसावं. इंजिनाचा आवाज झाला तशा झोपड्या रिकाम्या झाल्या. विमान धावलं, शेपूट उचललं आणि वर गेलं. काळे पंख आणि त्यावरची गुलाबी फुलं उन्हात दिसू लागली तेव्हा बायकांत कोणाची छत्री कुठली, याची चर्चा झाली. त्याने दोन-तीन मोठे फेरे घातले, सगळे अलीकडच्या बाजूने. आता उतरवायचं म्हणून त्याने विमान वळवलं आणि इंजिन बंद पडलं.

गवत कापायचं इंजिन गवताजवळ चालायला केलेलं असतं. ते तापलं, अडकलं आणि गप्प झालं. गुरुप्रसादने कुणग्याकडे पाहिलं. कुणगा माणसांनी भरला होता. विमान डोक्यावर आलं म्हणून पोरं मधोमध धावत सुटली होती, त्यांच्यामागे आया, आणि आयांच्या मागे दावं सुटलेली दोन गुरं. डावीकडे काजू, उजवीकडे झोपड्या. मोकळी जागा उरली होती एकच: व्हाळापलीकडचा, कारिवण्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. कातळावरचं सुकं गवत तिथे पार उताराच्या कडेपर्यंत पसरलेलं होतं.

विचार करायला वेळ नव्हता असं लोक म्हणतात, पण गुरुप्रसादला वेळ होता. फार थोडा, तरी होता. त्याने ठरवून विमान व्हाळापलीकडे नेलं. नाक किंचित खाली ठेवलं, वेग जाऊ दिला नाही, करवंदीच्या जाळीवरून काढलं, आणि अगदी शेवटी नाक उचललं. चाकं गवतात टेकली. विमान गवत सारत गेलं, हळू झालं आणि थांबलं. उभं राहिलं.

त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं उतरणं. आणि ते त्याच्याशिवाय कोणी पाहिलं नाही, कारण खाली कुणग्यात उभ्या असलेल्यांना करवंदीच्या जाळीपलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की इंजिन बंद झालं आणि विमान झाडीमागे गेलं.

"पडला," कोणीतरी म्हणालं. मग सगळे म्हणाले.

गुरुप्रसादने मनात हिशोब मांडला. पडला असेल तर ढोर दावं तोडून गेलं, दोष नाही. उतरवलं म्हणावं, तर गावपळणीत हा स्वतः गावात जाऊन आला, तोही काकांनी बजावल्यावर. तो मेरेवरून खाली आला आणि रिमोट बंद करून खोक्यात ठेवला.

मग लोक सांत्वनाला येऊ लागले. मयताला येतात तसे, दोन-दोन, तीन-तीन. पाठीवर हात ठेवत. "जांवदे रे, वाऱ्यापुढे काय चलता?" एरवी टर उडवणारा भाईसुद्धा शेजारी येऊन गप्प बसला, आणि भाई गप्प बसणं म्हणजे फारच झालं. गुरुप्रसादने ते सगळं ऐकून घेतलं. थट्टा त्याने इतकी वर्षं सोसली होती, ही माया त्याहून जड गेली.

कावेरीही चांगली वागली. तिने त्याला बांगड्याचा मोठा तुकडा वाढला आणि मांगराचं नावही काढलं नाही. पण दुपारी ती जावेला दाराची रुंदी हाताने दाखवत होती आणि टेबलं कशी बसतील ते सांगत होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद त्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तो तोडायचाही त्याला धीर होईना.

मेरेवर उभं राहिलं की सड्यावर विमानाच्या शेपटीचा लाल तुकडा गवतावर दिसायचा. तो अधूनमधून जाऊन बघून यायचा. गुडघाभर पाणी, मग थोडा चढ, एवढंच अंतर. जाऊन त्याला चार दगड लावून, दोरीने बांधून येता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं. गुरुप्रसाद काही मोठा देवभक्त नव्हे. पण त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे याच व्हाळाच्या अलीकडे बसून राहिले होते, आणि पाय पुढे पडत नाही म्हणजे पडत नाही. तिसऱ्या दिवशी घाटाकडून जोराचा वारा सुटला, झोपड्यांच्या झावळ्या उडाल्या. दुपारी तो मेरेवर गेला तेव्हा लाल तुकडा दिसत नव्हता. काय झालं असेल ते त्याला कळलं.

चौथ्या दिवशी कौल. मानकरी देवळाकडे निघण्यापूर्वी सारं गाव व्हाळाकाठी जमलं. बाबलीकाकांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की घाडी एकेक वाक्य बोलतो आणि त्याच्यापाठी सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. त्यात विचार करायचा नसतो. लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या हुकमान गाव भायर इलो."

"व्हय म्हाराजा."

"ढोरां, वासरां, पोरां, बाळां घेवन तुझ्या शबदार ऱ्हवलो."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला माकला असात, ता पोटात घाल. ह्या तुझ्या लेकराचा इमान वाऱ्यान व्हेल्यान आणि तुझ्या हद्दीत पडला, तेच्या हाताचो दोष नाय."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"नाय म्हाराजा," गुरुप्रसाद म्हणाला.

गाऱ्हाण्यात 'नाय' हा शब्द कारिवण्यात तोवर कोणी ऐकला नव्हता. पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. बाबलीकाकांनी एक डोळा उघडला.

"काय म्हणालस?"

"पडाक नाय ता," गुरुप्रसाद म्हणाला. "वाऱ्यान व्हरूक नाय. मिया उतरयलंय, माझ्या हातान."

हे त्याने देवाच्या भीतीने सांगितलं नव्हतं. ढोरासारखं सुटलं, इथवर त्याने ऐकून घेतलं होतं. पण देवापुढे, साऱ्या गावाच्या तोंडून 'पडला' म्हणून कायमचं लागणार, हे त्याला सहन झालं नाही. त्यापेक्षा दोष बरा.

"व्हाळ ओलांडू नको म्हणान तुका सांगितलेलंय ना?"

"सांगितलेलात."

"मगे कित्याक ओलांडलस?"

"अल्याड पोरां होती, काका."

बाबलीकाकांनी दुसराही डोळा उघडला. कुणगा तिथून समोरच दिसत होता. पोरं त्या वेळीही तिथेच धावत होती. काकांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला, घसा साफ केला आणि डोळे पुन्हा मिटले.

"बा देवा म्हाराजा, माझी सांगूक चूक झाली. तुझ्या ह्या लेकरान इमान आपल्या हातान उतरयल्यान."

गाव क्षणभर घुटमळलं. मग आवाज आला. "व्हय म्हाराजा."

"गावच्या पोरांच्या टाळक्यार पडा नये, म्हणान तुझ्या हद्दीत उतरयल्यान."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज मोठा होता. भाईचा सगळ्यांत वर.

"हद्द मोडल्यान ती चूक पदरात घे, पोरां राखल्यान ता ध्यानात ठेव, आणि गावाक घराक येवक दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गुरुप्रसाद मान खाली घालून उभा होता. बायकांच्या घोळक्यात कावेरीचे ओठ मात्र हलले नव्हते, हे त्याने पाहिलं. तिला ते पटलं नव्हतं. मोडका माल गळ्यात पडला की प्रत्येक दुकानदार काहीतरी सांगतोच, असा तिचा चेहरा होता.

कौल उजवा झाला. ढोल वाजला, कोंबड्या टोपल्यांत गेल्या, आणि गाव व्हाळातून घराकडे निघालं. गुरुप्रसाद सड्याकडे वळला. त्याच्यामागे काही अंतर ठेवून कावेरी.

विमान उताराच्या कडेला उलटं पडलं होतं. एक पंख मुळातून मोडलेला, कापड फाटून पांगाऱ्याच्या फासळ्या बाहेर आलेल्या. गुरुप्रसाद त्याच्याजवळ खाली बसला आणि मोडलेला भाग हाताने चाचपू लागला. कावेरी जवळ आली नाही. ती बरीच अलीकडे थांबून गवतात काही बघत होती.

गवतात दोन रेघा होत्या. सुकं गवत चाकांखाली एकाच दिशेला निजलं होतं आणि वाऱ्यानेही ते उठलं नव्हतं. कावेरी जाळीजवळ गेली, जिथून रेघा सुरू होत होत्या तिथे. तिथून ती रेघांच्या मधून सावकाश चालत आली. रेघा सरळ होत्या, कुठे तुटल्या नव्हत्या, कुठे कातळावर खरवडल्याची खूण नव्हती. जिथे त्या संपल्या तिथे कातळावर इंजिनातून ठिबकलेल्या तेलाचा डाग होता. विमान तिथून पाचपन्नास पावलं पलीकडे पडलं होतं, आणि मधल्या गवताला काही झालेलं नव्हतं.

"हयसर येवन उभ्या होता?" तिने विचारलं.

"व्हय."

"सगळ्या नीट?"

"सगळ्या नीट. काल वाऱ्यान उचलून टाकल्यान."

कावेरीने रेघांकडे पाहिलं, मग विमानाकडे, मग पुन्हा रेघांकडे. दोन दिवस तिने त्या मांगरात मनातल्या मनात माणसं जेवायला बसवली होती. गुरुप्रसाद उठून उभा राहिला. मांगर दिलेला बरा, असं म्हणायचं त्याने ठरवलं होतं, आणि ते तो म्हणणारही होता.

"उतरताना मोडला तर, असा बोलणा झाला होता," ती म्हणाली. "उतरताना मोडूक नाय. मांगर तुमचो."

गुरुप्रसादला रडू आलं. मांगराचं नव्हे. उतरताना मोडलं नाही, एवढंच त्याच्या कानात राहिलं होतं. तो तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला आणि खांद्यावरच्या टॉवेलने नाक पुसू लागला. कावेरी खाली वाकली, मोडका पंख दोन्ही हातांनी उचलून काखेत घेतला आणि म्हणाली, "चला, तुमी शेपटी धरा."